मोठा पडदा, भाड्याची भिंत

फ्रँकफर्ट आणि माइन्झ यांच्या दरम्यान, माइन नदीच्या डाव्या काठावर वसलेले र्युसेल्सहाइम हे दीड शतकाहून अधिक काळ यंत्रांचे गाव आहे. आडाम ओपेलने १८६२ मध्ये येथे शिवणयंत्रे बनवायला सुरुवात केली. १८८६ मध्ये सायकली आल्या आणि १८९९ मध्ये मोटारी. ओपेलच्या जोडीला आज ह्युंदाईचे युरोपातील तंत्रकेंद्रही येथेच आहे. त्यामुळे पुणे-चिंचवडच्या वाहनउद्योगातून आलेल्या मराठी अभियंत्यांना या गावाचे नाव उच्चारायला अवघड वाटले, तरी परके वाटत नाही. दोन-तीन वर्षांच्या कामासाठी येणारी कुटुंबे भाड्याच्या घरात सामान बेताचेच ठेवतात. मात्र दिवाणखान्यात पडदा ६५ किंवा ७५ इंची असतो. लांबच्या नातेवाइकांशी बोलणे, क्रिकेटचे सामने, मुलांची गाणी आणि शनिवारचा मराठी चित्रपट हे सारे त्याच्यावरच चालते.

असा संच घेताना विजेची काळजी बहुतेकजण करतात. वजनाची आणि भिंतीची काळजी त्या मानाने फारच कमी होते. प्रत्यक्षात आधुनिक एलसीडी संच विजेच्या दृष्टीने बराच सुरक्षित आहे. धोका आहे तो तीस-चाळीस किलोंची रुंद, पातळ काच कशाच्या आधारावर उभी आहे यात. दिवसभर मोटारीच्या सुट्या भागांच्या ताकदीचा हिशेब करणारा अभियंताही घरी आल्यावर खोक्यातील चार स्क्रू घेऊन सरळ भिंतीकडे वळतो. ते चार स्क्रू त्या भिंतीसाठी नसतात, कारण भिंत कसली आहे हे खोके भरणाऱ्याला माहीत नसते.

काचेच्या दोन पत्र्यांमध्ये

एलसीडी पडद्यातील द्रवस्फटिकाचे एक माहेरघर र्युसेल्सहाइमपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. दार्मश्टाटची मेर्क ही १६६८ पासून चालत आलेली औषध आणि रसायन कंपनी १९०४ मध्येच संशोधकांना द्रवस्फटिके विकत होती. त्या वेळी त्यांचा उपयोग काय, हे कोणालाच सांगता आले नसते. प्रागमधील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनित्सर यांना १८८८ मध्ये असा पदार्थ आढळला होता, जो एका तापमानाला वितळून गढूळ होई आणि आणखी वरच्या तापमानाला स्वच्छ. या मधल्या अवस्थेत पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकासारखे एका दिशेने ओळीत उभे असतात. विजेचा दाब दिला की ही दिशा बदलते. हेच तत्त्व वापरून प्रकाश अडवायचा किंवा सोडायचा, असा पडदा तयार व्हायला १९७० चे दशक उजाडावे लागले. (या शास्त्रात भारताचाही वाटा आहे. सी. व्ही. रामन यांचे भाचे शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९७७ मध्ये बंगळूरूच्या रामन संशोधन संस्थेत चकतीच्या आकाराच्या रेणूंची द्रवस्फटिके शोधून काढली.)

ही रचना डोळ्यांसमोर ठेवली की माहितीपुस्तिकेतील बऱ्याच सूचनांचा अर्थ आपोआप लागतो. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या दोन काचा, त्यांच्यामध्ये तीन ते पाच मायक्रोमीटरची फट, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी, आणि त्या फटीत द्रवस्फटिक. मागे एलईडी दिव्यांचा प्रकाश पसरवणारे थर. एवढ्या मोठ्या काचेला आडवे धरले की तिचे स्वतःचेच वजन तिला मध्यभागी वाकवते. म्हणूनच संच नेहमी उभा न्यावा आणि उभाच ठेवावा. उचलताना दोघांनी खालची कड धरावी. अंगठे पडद्यावर रोवू नयेत. पडद्याच्या बाजूने दाब पडला तर तडा बाहेरून दिसतही नाही, आणि चालू केल्यावर काळ्या शाईसारखा डाग पसरलेला दिसतो.

खरेदीआधी दारे, जिना आणि लिफ्ट मोजावी. ६५ इंची पडदा साधारण १४४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ सेंटिमीटर उंच असतो, ७५ इंची १६६ बाय ९३ आणि ८५ इंची १८८ बाय १०६. खोके त्याहून दहा-पंधरा सेंटिमीटरने मोठे. ते साध्या मोटारीत उभे राहत नाही, आणि आडवे टाकून नेण्याचा मोह येथेच होतो. दुकानाकडून घरपोच मागवताना करारातील शब्द नीट वाचावेत. जर्मनीत ‘बोर्डश्टाइनकांटे’पर्यंत पोहोच म्हणजे फुटपाथच्या कडेपर्यंत. चौथ्या मजल्यावर नेणे हे त्यानंतर आपले काम असते, आणि त्या वेळी मदतीला माणूस हवा.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट पाळावी. शून्याखालच्या हवेतून आलेला संच उबदार खोलीत लगेच उघडून चालू करू नये. थंड चष्म्यावर जसे दव जमते तसे ते आतल्या पट्ट्यांवरही जमते. खोके बंद ठेवून काही तास, शक्य तर रात्रभर, खोलीत राहू द्यावे.

भिंत वाचायची कशी

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ७५ इंची संचाचे वजन साधारण ३० ते ३८ किलो असते. तो भिंतीला चिकटून बसला तर भार जवळजवळ सरळ खाली जातो आणि चांगल्या भिंतीतील स्क्रू तो सहज पेलतात. पण बाजूला वळवता येणारा, बाहेर ओढता येणारा हात घेतला की गणितच बदलते. समजा संच ३५ किलोचा आहे, भिंतीवरील पट्टीच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंमध्ये २० सेंटिमीटर अंतर आहे, आणि संचाचा गुरुत्वमध्य भिंतीपासून ६ सेंटिमीटरवर आहे. वरच्या स्क्रूंवर भिंतीतून बाहेर खेचणारा जोर साधारण साडेदहा किलोंचा पडतो. तोच संच हाताने ५० सेंटिमीटर बाहेर काढला की हा जोर सुमारे ८७ किलोंचा होतो. वजन तेच, स्क्रू तेच आणि भिंतही तीच. खेचणारा जोर मात्र आठपट. त्या हाताला लहान मूल लोंबकळले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. माझे स्पष्ट मत असे की, भाड्याच्या घरात, भिंतीच्या जातीची पक्की खात्री नसेल तर बाहेर येणारा हात घेऊच नये.

भिंत ओळखण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे पट्टीखाली झाकले जाईल अशा जागी पाच-सहा मिलिमीटरचे एक चाचणी भोक पाडणे आणि बाहेर येणारी भुकटी पाहणे. सुरुवातीचा एक-दोन सेंटिमीटरचा थर गिलाव्याचा असतो. त्यात धरलेले काहीही टिकत नाही, त्यामुळे तो हिशेबात धरूच नये. त्यानंतर लाल भुकटी आली तर वीट. करडी भुकटी आली आणि ड्रिल हळूहळूच पुढे सरकले तर काँक्रीट. पांढरी, रवाळ भुकटी आणि कठीण पोत म्हणजे चुना-वाळूची वीट. पांढरीच भुकटी, पण ड्रिल लोण्यात जावे तसे आत गेले तर हलके, सच्छिद्र काँक्रीट. एक-दोन सेंटिमीटरनंतर ड्रिल एकदम पोकळीत सुटले तर ती जिप्समच्या पत्र्याची भिंत.

र्युसेल्सहाइममध्ये हे सारे प्रकार भेटतात. डिकर बुशसारख्या वसाहतीतील बहुमजली इमारतींत भार वाहणाऱ्या भिंती बहुधा काँक्रीटच्या असतात. त्यात भोक पाडायला ठोके देणारे ड्रिल लागते, पण एकदा पकडलेला स्क्रू सुटत नाही. बाउशहाइम किंवा क्योनिगश्टेटेनकडील घरांत विटांच्या भिंती सापडतात, आणि पोकळ विटांत ठोक्यांचे ड्रिल वापरले की आतील पातळ पडदे फुटून जागा निकामी होते. तेथे ठोके बंद करून फक्त फिरवत भोक पाडावे. नव्याने विभागलेल्या खोल्यांत मधल्या भिंती जिप्समच्या असतात. एकाच घरातील समोरासमोरच्या दोन भिंती दोन जातींच्या निघतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये.

आपल्याकडचे सुतार ज्याला गिट्टी म्हणतात त्या प्लास्टिकच्या नळीला जर्मनीत ‘ड्युबेल’ म्हणतात. आज जगभर वापरात असलेली नायलॉनची ड्युबेल १९५८ मध्ये याच देशातील आर्टुर फिशर यांनी बनवली. स्क्रू आत गेला की ती फुगते आणि भोकाच्या कडांना घट्ट धरते. म्हणजे पकड असते ती कडांवरच. भोकात भुकटी राहिली तर ड्युबेल भिंतीला न धरता भुकटीला धरते. भोक पंपाने किंवा ब्रशने स्वच्छ करणे हा नीटनेटकेपणाचा भाग नसून पकडीचा भाग आहे. स्क्रूची लांबी म्हणजे ड्युबेलची लांबी, अधिक पट्टीची जाडी, अधिक स्क्रूच्या जाडीएवढी वाढ. पोकळ विटांसाठी लांब, आत गाठ मारणारी ड्युबेल मिळते. सच्छिद्र काँक्रीटसाठी वेगळी. दुकानात भिंतीचे नाव सांगून मागावी.

जिप्समच्या भिंतीत पत्र्याला एकट्याला मोठा संच पेलत नाही. आतील धातूच्या उभ्या पट्ट्या साधारणपणे ६२.५ सेंटिमीटर अंतरावर असतात. चुंबकाने किंवा शोधकाने त्या हुडकून, रुंद पट्टीचे स्क्रू त्यांच्यापर्यंत न्यावेत आणि मधल्या जागी धातूच्या पोकळीतील ड्युबेल वापराव्यात. एवढे जमत नसेल तर संच भिंतीला न टांगता टेबलावर ठेवणेच शहाणपणाचे.

ड्रिल लावण्याआधी तारा कोठून जातात याचा अंदाज घ्यावा. जर्मनीत घरातील तारांसाठी ठरलेले पट्टे आहेत: छतापासून आणि जमिनीपासून १५ ते ४५ सेंटिमीटरमधील आडवे पट्टे, दार-खिडकीच्या चौकटी आणि खोलीचे कोपरे यांपासून १० ते ३० सेंटिमीटरमधील उभे पट्टे. बटण किंवा सॉकेट दिसले की त्याच्या सरळ वर-खाली तार आहे असे समजावे. मात्र जुन्या घरांत हे नियम पाळलेले असतीलच असे नाही. तार-शोधक यंत्र पंधरा-वीस युरोंना मिळते. ते वापरावे आणि त्या खोलीचा फ्यूज बंद करूनच ड्रिल चालवावे.

बाहेरची भिंत शक्यतो टाळावी. तिच्या आतल्या बाजूला उष्णतारोधक थर असेल तर भोकामुळे ओलाव्याला वाट मिळते. शिवाय थंड भिंतीला लागून मोठा पडदा बसला की मागची हवा फिरत नाही आणि बुरशी धरते. येथील घरमालक हिवाळ्यात खिडक्या उघडून हवा खेळवण्याचा एवढा आग्रह का धरतात, ते अशा वेळी कळते. खिडकीखालच्या रेडिएटरच्या वर तर संच लावूच नये.

संचाच्या पाठीवरील चार छिद्रांतील अंतर मिलिमीटरमध्ये सांगण्याच्या प्रमाणाला ‘व्हेसा’ म्हणतात. ६५ इंचीसाठी बहुधा ४०० बाय ४००, मोठ्यांसाठी ६०० बाय ४००. स्क्रू एम६ किंवा एम८ जाडीचे असतात. लांबी पुस्तिकेत दिलेलीच हवी. जास्त लांब स्क्रू आतील पट्टीत किंवा थेट पडद्याच्या पाठीत घुसतो. तो हातानेच आवळावा. पट्टी लावताना पाणसळ धरावी. दोन मिलिमीटरचा तिरकेपणा दीड मीटरच्या पडद्यावर रोज संध्याकाळी डोळ्यांना खुपतो.

टेबलावर ठेवायचा असेल तर

भिंतीला न टांगलेला संच मुलांसाठी अधिक धोकादायक ठरू शकतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मोठ्या संचांचे दोन पाय दोन टोकांना असतात, त्यामुळे टेबल त्यांच्यापेक्षा रुंद, बुटके आणि जड हवे. खणांच्या कपाटावर संच ठेवू नये: उघडलेले खण म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला आयती शिडी, आणि त्याच्या वजनाने कपाट पुढे झुकले की वरचा पडदा आधी येतो. खेळणे किंवा रिमोट संचाच्या वर ठेवला की मूल त्यासाठी चढणारच. संच न कलंडण्यासाठीचा पट्टा खोक्यातच मिळतो किंवा पाच-दहा युरोंना वेगळा येतो. एक टोक व्हेसाच्या छिद्रात, दुसरे भिंतीत. भिंतीत एकही भोक नको असा हट्ट असला तरी हे एक भोक पाडावे.

आणि ते पाडायला घरमालकाची ना नसते. भिंतीला नेहमीच्या प्रमाणात भोके पाडणे हा भाड्याच्या घराच्या करारानुसार वापराचाच भाग आहे, अशी भूमिका जर्मनीच्या संघीय न्यायालयाने १९९३ च्या निकालात घेतली आहे. ‘नेहमीच्या प्रमाणात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. फरशीवर भोक पाडायचे तर सांध्यात पाडावे, आणि तारा लपवण्यासाठी भिंत खोदायची असेल तर लेखी परवानगी घ्यावी. अनामत रक्कम कायद्याने निव्वळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत असू शकते. एवढे पैसे अडकलेले असताना घर ताब्यात घेतेवेळी आणि भोक पाडण्याआधी भिंतीची छायाचित्रे काढून ठेवणे चांगले. भाड्याच्या घराच्या भिंतीचे किंवा फरशीचे नुकसान खासगी दायित्व विम्यात बहुधा येते, पण आपल्या पॉलिसीत ते कलम आहे ना, हे वाचून घ्यावे. ड्रिलचा आवाज रविवारी आणि सणाच्या दिवशी करू नये. रात्री दहा ते सकाळी सहा तर नाहीच, आणि इमारतीच्या नियमावलीत दुपारची विश्रांतीची वेळ दिली असेल तर तेव्हाही नको.

चालवताना

भारतातील आणि जर्मनीतील वीज एकाच जातीची, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. प्लग मात्र वेगळा, आणि पुण्याहून आणलेला सैल अडॅप्टर वर्षानुवर्षे सॉकेटमध्ये अडकवून ठेवणे बरे नव्हे. ६५ इंची संच सर्वसाधारण चित्राला शंभर वॉटच्या आसपास वीज घेतो. १६ अँपिअरच्या सॉकेटला हा भार काहीच नाही. आग लागते ती एका एक्स्टेन्शन बोर्डमध्ये दुसरा बोर्ड खोचून, त्यावर हीटर आणि इस्त्रीही चालवली की. संचाच्या मागील झाकण कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही वीजपुरवठ्याच्या पट्टीवरील कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्टचा भार काही काळ शिल्लक राहतो. विजा कडाडू लागल्या की गावाकडे आजी प्लग काढायला लावायची. तिचे म्हणणे येथेही खरे आहे, फक्त प्लगबरोबर अँटेनाची किंवा केबलची तारही काढावी.

मार्च २०२१ पासून युरोपीय संघातील संचांवर ए ते जी अशा श्रेणींचे नवे ऊर्जालेबल आहे. त्यावर साध्या चित्रासाठी आणि एचडीआर चित्रासाठी, प्रत्येकी हजार तासांचा खप किलोवॉट-तासांत वेगवेगळा दिलेला असतो. मोठे संच एफ किंवा जी श्रेणीत दिसले तर दचकू नये, पण दोन मॉडेलांची तुलना त्याच आकड्यांनी करावी. दुकानात डोळे दिपवणारी ‘व्हिव्हिड’ स्थिती घरी बदलून टाकली की खप कमी होतो आणि डोळ्यांना आरामही मिळतो. पडद्याच्या मागे एक मंद दिवा असावा. फोर-के संच पाहण्यासाठी कर्णाच्या सव्वा ते दीड पट अंतर पुरते, म्हणजे ६५ इंचीला दोन ते अडीच मीटर. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर, जमिनीपासून साधारण एक मीटर ते एक मीटर दहा सेंटिमीटरवर यावा. सोफ्यामागच्या भिंतीवर छताजवळ टांगलेला पडदा हॉटेलात शोभतो. घरी मान दुखते.

मराठी घरापुरती एक सूचना. लहान घरात देव्हारा आणि टीव्ही एकाच भिंतीला येतात. निरांजनाची ज्योत आणि उदबत्तीची काजळी या दोन्हींपासून संच दूर असावा. वरचे आणि मागचे हवेचे झरोके काजळीने आणि धुळीने भरतात आणि आतली उष्णता कोंडते. मागे दहा सेंटिमीटर तरी मोकळी जागा ठेवावी, आणि दिवाळीत पणत्यांची ओळ टीव्हीच्या टेबलावर लावू नये. पुसताना संच बंद करून थंड होऊ द्यावा, मऊ मायक्रोफायबर कापड कोरडे किंवा शुद्ध पाण्याने किंचित ओलसर करून वापरावे. काचेसाठीचा फवारा, अल्कोहोल, अमोनिया यांनी वरचा थर खराब होतो. थेट पडद्यावर फवारलेले पाणी खालच्या कडेतून आत उतरते, आणि तेथेच पडद्याला जोडणाऱ्या नाजूक पट्ट्या असतात.

पडदा फुटलाच तर प्लग काढावा, मुलांना दूर करावे आणि हातमोजे घालून तुकडे गोळा करावेत. द्रवस्फटिकाचे प्रमाण अत्यल्प असते. हाताला लागले तर साबणाने धुवावे.

गणेशोत्सव किंवा दिवाळीच्या कार्यक्रमासाठी सभागृहात चाकांच्या स्टँडवर मोठा पडदा लावताना चाकांचे ब्रेक लावून स्टँड भिंतीजवळ ठेवावा, तारा जमिनीला पट्टीने चिकटवाव्यात आणि आणीबाणीचे दार कोणत्याही परिस्थितीत मोकळे ठेवावे. स्टँडवर किती किलोंपर्यंतची मर्यादा लिहिली आहे, हे आधी पाहावे. भाड्याने घेतलेल्या स्टँडबाबतीत हे हमखास राहून जाते.

पडदा मोठा घेतला म्हणून दूरदर्शन शुल्क वाढत नाही. ते घरागणिक आहे, ऑगस्ट २०२१ पासून दरमहा १८.३६ युरो, आणि संच नसला तरी द्यावेच लागते.

परतताना किंवा नवा संच घेताना जुना संच मोठ्या कचऱ्यात ठेवता येत नाही. तो नगरपालिकेच्या पुनर्वापर केंद्रात घरगुती ग्राहकाकडून विनामूल्य घेतला जातो. विजेच्या वस्तूंसाठी ४०० चौरस मीटरहून अधिक जागा असलेल्या दुकानाला, त्याच प्रकारचा नवा संच घेताना जुना परत घ्यावा लागतो. ऑनलाइन मागवल्यास मागणी नोंदवतानाच जुना परत नेण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे नवा पोहोचवणारा जुना घेऊन जातो. २०१० च्या सुमारापर्यंतच्या अनेक संचांत पडद्यामागे पाऱ्याच्या बारीक दिव्यांच्या नळ्या असत, त्यामुळे ते फोडू नयेत. रिमोटमधील सेल काढून वेगळे द्यावेत, आणि स्मार्ट संच असल्यास त्यातील खाती व पासवर्ड पुसून तो मूळ स्थितीत आणावा.